पाणी आलं की चित्र फुटतं

राजमल्लू गज्जम यांची तक्रार तिसऱ्यांदा आली
तेव्हा मालक म्हणाला, शरणू, तूच जा बाबा,
म्हातारा फोनवर शिव्या देत नाही,
नुसता गप्प राहतो. ते जास्त वाईट.

दुपारचे तीन. दत्तनगरची गल्ली तव्यासारखी.
कुठंतरी एकच माग चालू,
बाकीच्या शेडना कुलपं.

राउटर शोधण्यातच पाच मिनिटं गेली.
लोखंडी कपाटाच्या मागं होता तो,
आणि धूळ बसू नये म्हणून
नरसव्वा आजींनी त्याच्यावर टॉवेल घातलेला,
जाड, घरच्याच मागावरचा.
हात लावला तर चटका.
"आजी, ह्याला ताप आलाय."
"मग काढ की पांघरूण. मला कुणी सांगितलं?"

टॉवेल काढला. राउटर कपाटाच्या डोक्यावर बसवला.
तीनाचे अकरा झाले.
मोबाइलवर बघितलं तर अख्खी गल्ली सहा नंबरच्या चॅनलवर,
एका नळाला बावीस घागरी.
आम्ही अकरावर सरकलो, तिथं फक्त एक शिवणक्लास होता.
अकराचे अठरा.
टीव्हीवर चित्र आलं, अडलं,
आणि पुन्हा चौकोन चौकोन होऊन सांडलं.

राजमल्लू खुर्चीतून पहिल्यांदा बोलले,
"परवा बरं होतं. काल सकाळपासून असं."
काल काय झालं?
"काल पाणी आलं."

पाचव्या दिवशी येतं इथं पाणी,
आणि आलं की माणसं घरात तळं भरून ठेवतात.
मधल्या खोलीत चार निळी पिंपं, गळ्यापर्यंत,
बरोबर राउटर आणि टीव्हीच्या मध्ये.
लहरी पाण्यात मुरतात, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं,
पण कोर्समध्ये पिंपं नव्हती.
म्हटलं, हलवू या का?
आजींनी असं बघितलं
की मी देव्हारा हलवू म्हणालोय.

मग वायरच. वीस मीटर,
चौकटीवरून, भिंतीतल्या जुन्या भोकातून.
माझी तीनदा अडकली.
"दे इकडं," म्हणत म्हातारा उठला.
चाळीस वर्षं फणीतून सुतं ओढलेली बोटं,
एक तारेचा आकडा केला, आणि वायर आली पलीकडं,
पीळ नाही, गाठ नाही.
टोकाला आठ बारीक तारा, रंगांचा क्रम ठरलेला:
केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी...
मी एकदाच म्हटला.
पाचवी सांगायच्या आत
सहावी त्यांच्या चिमटीत होती.

चौऱ्याण्णव.

"आता लाव ती फिल्म."
नातीनं पाठवलेली. परदेशातलं कुठलंसं संग्रहालय,
काचेआड सोलापूरची चादर.
बाई इंग्रजीत सांगत होती, त्यांनी आवाज बंद केला.
कॅमेरा कापडाजवळ गेला, अजून जवळ,
सुताची लव दिसायला लागली.
उजव्या काठाचे मोर आमच्याकडं बघत होते.
डाव्या काठाचा एकही बघत नव्हता.

"थांबव."

डावीकडच्या मोरांना डोळाच नव्हता.

"पंच्याऐंशी साल," ते म्हणाले.
"जॅकार्डच्या पुठ्ठ्यात एक भोक पाडायचं राहिलं.
दिवाळीची ऑर्डर अख्खी तशीच गेली.
मालकाला कळलं नाही, गिऱ्हाइकाला नाही,
मी पण बोललो नाही.
फुटकं दिसायचं तोवर वाटत होतं,
असेल दुसऱ्या कुणाची."
मग काचेवर बोट ठेवून, हळूच, तेलुगूत,
"इदि नेने."
एवढं तेलुगू आमच्या गल्लीत मलाही येतं.
हा मीच.

तक्रार बंद करायला सही लागते. त्यांनी केली.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: पाणी.

आजी टॉवेलची घडी घालत होत्या.
टीव्हीकडं न बघताच म्हणाल्या,
"डोळा नाही ते मला तेव्हाच दिसलं होतं.
दशांच्या गाठी कोण मारत होतं?"